मीमॉची ऑबिच्युअरी

१७ फेब्रुवारी २०२२, गुरुवार, पहाटे चारच्या सुमारास मीमॉ गेली. मीमॉ म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी. अमेरिकेच्या दक्षिणेत आजीला मीमॉ, मामॉ, नाना असं घरागणिक काहीतरी म्हणतात. शंभरीला नऊ महिने कमी होते.

मी मूळची साताऱ्याची, २०११ पासून जॉर्जियात. नात्याने ती माझी आजेसासू, म्हणजे मराठीत तिला 'त्या' म्हणायला हवं. इथेही मोठ्यांशी 'येस मॅम'शिवाय कुणी बोलत नाही. पण पहिल्याच भेटीत तिने मला स्वयंपाकघरात नेऊन वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसवलं, तेव्हापासून ती माझ्या डोक्यात 'ती'च आहे. तशीच लिहिते.

तिच्यामागे जे काही करावं लागलं, त्यातला बराच भाग माझ्या वाट्याला आला. "तू लिहितेस ना, मग ऑबिच्युअरी (पेपरात छापायचा मृत्युलेख) तूच लिही," असं नवऱ्याच्या आत्याने सांगितलं आणि एका कामातून दुसरं निघत गेलं. परदेशात घरातलं माणूस गेल्यावर नेमकं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याला थोडं सोपं जावं म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट पहाटेचीच. मीमॉ घरी हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या सेवेच्या, देखरेखीखाली होती. अशा वेळी ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा नाही, हॉस्पिसच्या नर्सला करायचा. नाहीतर ॲम्ब्युलन्स येते, पोलीस येतात आणि नको ते सुरू होतं. फ्रिजवर मोठ्या अक्षरात नंबर लावला होता म्हणून बरं. नर्स पाऊण तासात आली. तिने वेळ लिहिली, मीमॉचे केस विंचरले, मग उरलेलं मॉर्फिन मोजून आमच्यासमोर कॉफीच्या चोथ्यात ओतून कालवलं आणि सासऱ्यांची सही घेतली. मीमॉ स्वतः चाळीस वर्षं नर्स होती. कुणी ढिसाळ काम केलं की तिचा ओठ एका बाजूला मुडपायचा. या कालवण्यावर तिने मान डोलावली असती.

शुक्रवारी, १८ तारखेला, फ्यूनरल होममध्ये गेलो. अंत्यविधीची सगळी व्यवस्था हेच लोक बघतात. जाण्याआधी एक माहीत असू द्या: प्रत्येक गोष्टीची वेगळी किंमत लिहिलेली यादी तिथे मागायची. ती देणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे आणि यादीतलं नको ते नाकारता येतं. शवपेटीही तिथूनच घ्यायला हवी असं नाही. आम्ही तिथूनच घेतली, कारण बाहेर शोधायचं त्राण कुणात नव्हतं. सगळं मिळून ८,७४० डॉलर झाले. चर्चच्या दफनभूमीत आजोबांशेजारची जागा आधीच घेतलेली होती, पण खड्डा खणून बुजवण्याचे ९०० वेगळे.

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती किती घ्यायच्या, हा प्रश्न तिथेच येतो. जॉर्जियात पहिली प्रत २५ डॉलर आणि त्याच वेळी मागितलेली पुढची प्रत्येक ५. नवरा म्हणाला तीन पुरे. मी दहा घ्यायला लावल्या, ७० डॉलर. बँक, विमा, पेन्शन, गाडी, कोर्ट, जो तो मूळ शिक्क्याची प्रत मागतो. आमच्या सात संपल्या.

मग फ्यूनरल होमच्या गृहस्थांनी विचारलं, "त्या लष्करात होत्या ना? डिस्चार्ज पेपर आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मीमॉ दुसऱ्या महायुद्धात आर्मी नर्स होती, हे घरात आणि गावातही सगळ्यांना माहीत. कापसाच्या शेतावर वाढलेली, लाल मातीत अनवाणी फिरलेली मुलगी ॲटलांटात नर्सिंग शिकली आणि एकविसावं सरल्यावर १९४४ मध्ये लष्करात गेली. तिथून जहाजाने थेट मुंबई. मुंबईहून आगगाडीने कित्येक दिवस प्रवास करत आसाम. तिथे लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत १,०७९ मैलांचा रस्ता बांधणं चाललं होतं. मलेरिया, स्क्रब टायफस आणि दरडींखाली माणसं जात होती. मलेरियासाठी ॲटॅब्रिनच्या गोळ्या खाऊन सगळ्यांची कातडी पिवळी पडलेली. "माझा फोटो रंगीत नाही हे नशीब," म्हणायची.

जॉर्जियातली नर्स आणि मुंबई म्हटलं की इथल्या लोकांना मिस लिलियन आठवतात. जिमी कार्टर यांच्या आई. १९६६ मध्ये, ६८ व्या वर्षी, त्या पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून विक्रोळीला गेल्या आणि तिथल्या दवाखान्यात काम करून आल्या. कुणी "अगदी मिस लिलियनसारखं!" म्हणालं की मीमॉ गोड हसून सांगायची, "हो ना. फक्त मी बावीस वर्षं आधी गेले होते."

लष्करी मानवंदना हवी तर सन्मानाने सेवामुक्त झाल्याचा कागद लागतो. तो असला की कुटुंबाला ध्वज मिळतो, दोन सैनिक येऊन ध्वजाची घडी करून देतात, बिगुलावर 'टॅप्स' ही निरोपाची धून वाजते. थडग्यासाठी दगडही मिळतो. या सगळ्याचे पैसे पडत नाहीत. पण कागद हवा.

शुक्रवारी रात्री मीमॉच्या कपाटातून डॅनिश बिस्किटांचा निळा गोल डबा निघाला. (हो, तोच. सुई-दोऱ्याचा. जगभर तोच डबा.) आत काही फोटो, एक भारतीय आणा आणि चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचं बाहीवर शिवायचं चिन्ह: खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा. डिस्चार्ज पेपर नाही.

शनिवारी फ्यूनरल होमने सांगितलं की लष्करी नोंदी सेंट लुईसच्या राष्ट्रीय केंद्रात असतात आणि दफनासाठी तातडीचा अर्ज करता येतो. पण तिथे १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली होती. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात गेल्या. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही. जळालेल्यांची नोंद पगारपत्रकांवरून पुन्हा जुळवता येते, पण त्याला वेळ लागतो. त्यात सोमवार, २१ तारीख, म्हणजे प्रेसिडेंट्स डे. सुट्टी. दफन पुढच्या शनिवारी ठरलेलं.

तोवर घरात जेवणाचा पूर आला होता. दक्षिणेत कुणी गेलं की शेजारीपाजारी भांडीच्या भांडी आणून देतात: तळलेलं चिकन, भरलेली अंडी, मॅकरोनी, पाउंड केक, केळ्याचं पुडिंग. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे परत करताना घोळ नको. मला आमच्याकडचा कडू घास आठवला. चूल पेटलेली नसते आणि शेजारची काकू पिठलं-भात घेऊन येते, तो. आईला व्हिडिओवर अकरा प्रकारची मॅकरोनी दाखवली तर ती म्हणाली, "अगं, यांचा कडू घास गोडच दिसतोय." सल्ला एवढाच, की कुणी काय आणलं ते एका वहीत लिहीत जा. नंतर आभाराची पत्रं हातानेच लिहावी लागतात.

रविवारी मॅकरोनी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाट दाखवली. ते कोरियाच्या युद्धात होते. म्हणाले, "युद्धानंतर आम्हाला सांगितलं होतं, कागद घरी जळेल, हरवेल, तर कोर्टात नोंदवून ठेवा. काउंटीच्या कोर्टात सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे बघा."

मंगळवारी साडेआठला मी कोर्टाच्या दारात. क्लार्कच्या कचेरीतल्या बाईंनी नातं विचारलं, माझं लायसन्स पाहिलं, आडनाव जुळतंय हे बघितलं आणि तळघराशेजारच्या खोलीत नेलं. लोखंडी मांडणीवर कापडी बांधणीच्या जाडजूड वह्या, एकेक सात-आठ किलोची तरी. आधी अक्षरवार सूची. आमच्या आडनावाखाली सासऱ्यांचे दोन काका सापडले, मीमॉ नाही. पुन्हा पाहिलं. नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "हनी, तेव्हा त्यांचं लग्न झालं होतं का?"

लग्न १९४७ चं. लष्करातून सुटली १९४६ ला.

मी स्वतः पासपोर्टवर माहेरचं नाव राखून त्यापायी दहा वर्षं खिडक्या-खिडक्यांवर भांडलेली बाई, आणि मला हे सुचू नये! माहेरच्या नावाखाली दोन मिनिटांत सापडली. पान काळं, अक्षरं पांढरी, फोटोस्टॅटची जुनी प्रत. अधिकाऱ्यांना तेव्हा फॉर्म ५३-९८ मिळायचा आणि आर्मी नर्स अधिकारी असत, सेकंड लेफ्टनंट. आधी हा हुद्दा नावापुरताच होता, १९४४ च्या जूनमध्ये तो पूर्ण मिळाला. हे मीमॉने कधी सांगितलं नव्हतं. तिच्या गोष्टीत हुद्दे नसायचेच. खाली उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा. शाई थोडी फासलेली, मधल्या रेषा स्पष्ट. गेल्या आठवड्यात मी ज्या अंगठ्याचं नख कापलं होतं, तोच, तेवीस वर्षांचा. त्या खोलीत मला रडू आलं. बाईंनी टिश्यूचा डबा सरकवला. शिक्का मारलेल्या तीन प्रती दिल्या आणि लष्करी कागदांचे पैसे घेत नाही म्हणाल्या.

कुणाच्या घरात लष्करातलं म्हातारं माणूस असेल तर हा कागद आजच शोधून ठेवा. आणि बाईचा असेल तर माहेरच्या नावाने शोधा.

त्याच कागदावर परदेशी सेवेचा रकाना होता. निघाल्याची तारीख १२ सप्टेंबर १९४४, पोहोचल्याची २१ ऑक्टोबर १९४४. आणि इथे मी अडकले.

कारण मीमॉची सगळ्यात आवडती गोष्ट आंब्याची होती. मुंबई बंदरात उतरल्यावर एका पोराने टोपलीतून तिला फळ दिलं. "आंबा!" ती सांगायची. "चाळीस दिवस डब्यातलं खाऊन उतरले होते. चव अगदी आमच्या ओढ्याकाठच्या पॉपॉसारखी. धक्क्यावर उभी राहून बिया थुंकत खाल्ला, आणि आमची चीफ नर्स बघत होती." दर थँक्सगिव्हिंगला ही गोष्ट व्हायची. पॉपॉ म्हणजे पपई, हे मला शाळेपासून माहीत. आंब्याला पपईची चव, आणि 'बिया' अनेकवचनी! पण नव्वदीच्या बाईला काय दुरुस्त करायचं? आता मात्र कागद समोर होता. ऑक्टोबरच्या अखेरीस, १९४४ साली, मुंबईच्या धक्क्यावर आंबा? शक्यच नाही.

ऑबिच्युअरी म्हणजे आपल्याकडची चार ओळींची निधनवार्ता नव्हे. इथे ती अख्ख्या आयुष्याची गोष्ट असते, आणि वर्तमानपत्र ती जागेच्या हिशोबाने छापतं. माझा पहिला खर्डा साडेअकराशे शब्दांचा. शहरातल्या पेपरने त्याचे १,३०० डॉलर सांगितले. मग कापाकापी. दक्षिणेत कुणी नुसतं वारत नाही, 'प्रभूच्या घरी, आधी गेलेल्यांच्या भेटीला' जातं, आणि ते वारण्यापेक्षा बरंच महाग पडतं. आत्याने ते कापू दिलं नाही. शेवटी ४२० शब्द, ४८६ डॉलर. गावच्या साप्ताहिकाने ७५ घेतले. फ्यूनरल होमच्या साइटवर पूर्ण मजकूर फुकट असतो, हे आधी कळलं असतं तर पेपरसाठी मी पहिल्यापासून छोटाच लिहिला असता. जन्माची पूर्ण तारीख, आईचं माहेरचं आडनाव आणि घरचा पत्ता छापू नका, भामटे हेच शोधत असतात. दफनाच्या वेळी घरी एक जण बसवा, तेही त्याचसाठी. आणि छपाईआधी दोघांनी वाचा. माझ्या लॅपटॉपने 'चायना-बर्मा-इंडिया'चं 'चायना-बर्मा-इंडियाना' केलं होतं. सासऱ्यांच्या लक्षात आलं नसतं तर मीमॉ इंडियानाच्या आघाडीवर लढली असती.

दोन वाक्यांवरून आमचं वाजलं. एक माझं होतं. युद्धानंतर मीमॉ काउंटीची सार्वजनिक आरोग्य नर्स झाली. कच्च्या रस्त्यांवरून गाडी हाकत बाळंतिणी बघायची, १९५५ मध्ये लस आली तेव्हा तिने शाळाशाळांतून पोलिओची टोचणी केली. त्या काळी दवाखान्यात गोऱ्यांना आणि काळ्यांना बसायला वेगळ्या खोल्या होत्या. एकदा अंगणाकडच्या झोपाळ्यावर ती मला म्हणाली होती, "लेडोचा रस्ता बांधणारी आपली निम्म्याहून जास्त पोरं काळी होती. मी त्यांना ताप उतरेपर्यंत पाहिलं. घरी आले आणि त्यांच्या आयांना मागच्या दाराने आत घेतलं. तेव्हा मी तोंड उघडलं नाही." मी हे लिहिलं होतं, तिच्या शब्दांत. आत्या म्हणाली, "हे सांगायची ही जागा नाही. 'सर्वांची सेवा केली' एवढं पुरे." मी नमतं घेतलं. आई तिची होती. पण 'सर्वांची सेवा केली' हे वाक्य मीमॉने ऐकलं असतं तर तिचा ओठ मुडपला असता, असं मला अजून वाटतं.

दुसरं वाक्य आंब्याचं. ते आत्याला हवं होतं, मी कापलं. कागदावरची तारीख दाखवली. म्हटलं, उद्या कुणी जाणकार वाचेल आणि बाकीच्या गोष्टींवरही शंका घेईल. आत्या काही बोलली नाही. पाउंड केक कापायला उठून गेली.

शुक्रवारी संध्याकाळी व्हिजिटेशन (अंत्यदर्शन), शनिवारी, २६ तारखेला, दफन. ध्वजासाठीचा फॉर्म २७-२००८ फ्यूनरल होमने भरला. तो स्वतः भरून पोस्ट ऑफिसात दिला तरी ध्वज मिळतो. मानवंदनेची विनंती निदान दोन दिवस आधी जायला हवी. आमची बुधवारी गेली. चर्चकडे जाताना समोरून येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबत होत्या, ओळख ना पाळख. एका पिकअपमधला माणूस उतरून टोपी छातीशी धरून उभा होता.

दोन तरुण सैनिक आले. एकाने लांब उभं राहून बिगुल ओठाला लावला. माझी सात वर्षांची लेक माझ्या कानाशी येऊन मराठीत म्हणाली, "आई, तो फुंकत नाहीये." खरंच, त्याचे गाल हलत नव्हते. बिगुलाच्या तोंडात छोटं यंत्र बसवलेलं असतं, वाजवणारे पुरत नाहीत म्हणून. तरीही शेवटचा लांबलेला सूर संपला तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. मग दोघांनी तेरा घड्या घालून ध्वजाचा त्रिकोण केला आणि त्यातल्या मुलीने गुडघा टेकून तो आत्याच्या मांडीवर ठेवला. मीमॉ लष्करात गेली त्याच वयाची असेल.

पुढचं भराभर सांगते. मृत्यूचे दाखले ९ मार्चला आले. सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शनच्या कचेरीला, फ्यूनरल होम कळवतं, पण माणूस ज्या महिन्यात जातं त्या महिन्याचा हप्ता मिळत नाही. फेब्रुवारीचे पैसे मार्चमध्ये जमा झाले, ते परत गेले. त्या खात्यातले पैसे घाईने खर्चू नका. थडग्यावरच्या दगडासाठी फॉर्म ४०-१३३० पाठवला. आजोबांबरोबरचा जोडदगड आधीच होता, पण १ नोव्हेंबर १९९० नंतर गेलेल्यांना तरीही वेगळा मिळतो. जूनमध्ये जमिनीलगतची सपाट ग्रॅनाइटची शिळा आली. शिळा फुकट, बसवायचे १७५ डॉलर.

सप्टेंबरमध्ये घर रिकामं करायला आम्ही सगळे जमलो. दुपारी आत्या मला ओढ्याकडे घेऊन गेली. सावलीत मोठ्या पानांची बुटकी झाडं होती, खाली हिरवट-पिवळी, बटाट्याएवढी फळं पडलेली. "पॉपॉ," ती म्हणाली. "बाजारात नाही मिळत, दोन दिवसांत नासतं."

मी म्हटलं, पण पॉपॉ म्हणजे पपई ना?

तिला पपईचा काय संबंध ते कळेना. तिने एक फळ हातानेच मोडून अर्धं मला दिलं. आत मऊ, पिवळसर, कस्टर्डसारखा गर आणि त्यात चकचकीत काळ्या चपट्या बिया, दोन ओळींत. वास नाकात शिरला आणि मी साताऱ्याला आजोळच्या ओट्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, वर्तमानपत्रावर बिया थुंकत बसलेली. नंतर पाहिलं तर पॉपॉ आणि सीताफळ वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले निघाले. आणि ऑक्टोबरची अखेर म्हणजे सीताफळाचा ऐन हंगाम.

बाविशीला टेकलेल्या मुलीने कधी आंबा पाहिला नव्हता. भारतातलं फळ म्हणजे आंबा, असं कुणीतरी सांगितलं असेल. बाकी सगळं तिने बरोबर सांगितलं होतं, चव, बिया, सगळं. मीच ऐकलं नव्हतं.

आत्याला सांगितलं. ती बराच वेळ हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "मग आता घाल ते वाक्य." छापलेला पेपर बदलता येत नाही, पण साइटवरचा मजकूर बदलतो. सोमवारी फ्यूनरल होमला फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, नेमकं काय लिहायचं, सावकाश सांगा. मी सांगितलं: ऑक्टोबर १९४४ मध्ये मुंबई बंदराच्या धक्क्यावर उभं राहून तिने एक सीताफळ खाल्लं, आणि त्याला ती आयुष्यभर आंबा म्हणत राहिली.